अशोक किती गाठी मागे? लहान मुलांना घरी प्राचीन इतिहास शिकवताना

लेक सहा वर्षांची असताना मी तिच्या खोलीत एक तक्ता लावला होता. हडप्पा, वैदिक काळ, मगध, मौर्य, शुंग, सातवाहन, गुप्त. आठवडाभरात तिचा तो पाठ झाला. पाहुणे आले की ती घडाघडा म्हणून दाखवायची आणि मला कृतकृत्य वाटायचं. मग एका संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी तिने विचारलं, "आई, अशोक यांना भेटायला यायचा का गं?"

घरी आल्यावर तक्ता उतरवला. चूक तिची नव्हती. तिच्या लेखी "पूर्वी" नावाचा एकच काळ होता, त्यात राम, अशोक, शिवाजी महाराज, अहिल्याबाई आणि तिची पणजी असे सगळे शेजारी-शेजारी राहत होते. मी तिला नावं दिली होती, काळ दिलाच नव्हता. आणि ही नावं आपल्याला कळली कशी, हेही सांगितलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं घरी जे करत गेलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी हे चालतं. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात. शाळेत हा विषय नीट येतो तो सहावीत, त्यामुळे कुठेही पोहोचायची घाई नाही.

आधी सुतळी

किराण्याच्या दुकानातून सुतळीचा मोठा गुंडा आणा. पंचवीस मीटर तरी हवी. एक पिढी पंचवीस वर्षांची धरायची आणि दर पाच सेंटीमीटरवर एक गाठ मारायची. सुतळीचं टोक म्हणजे मूल स्वतः. पहिली गाठ आई, दुसरी आजी, तिसरी पणजी. बहुतेक घरांत नावं इथेच संपतात. आमच्याकडेही संपली. तिथे थांबून मुलाला सांगा की पुढच्या गाठीतली बाईही कुणाची तरी आई होती, तिचं नाव मात्र आपल्यापर्यंत आलं नाही. माझी लेक त्या चौथ्या गाठीवर बराच वेळ बोट ठेवून बसली होती.

अहिल्याबाई गेल्या 1795 साली, म्हणजे नवव्या गाठीच्या जरा पुढे. जेमतेम वीतभर-दोन वीत अंतर. इतकं जवळ! इंदूरचा राजवाडा, छत्र्या (होळकरांच्या समाध्या), महेश्वरचा घाट, आपण "जुनं इंदूर" म्हणून दाखवतो ते जवळजवळ सगळं त्या पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये बसतं. हे मोठ्यांनाही एकदा करून पाहण्यासारखं आहे.

पहिल्या मीटरच्या वीस गाठी मुलाकडूनच मारून घ्या. पुढे गाठी मारत बसू नका, कंटाळा येतो. हिशेब सोपा आहे: शंभर वर्षांना वीस सेंटीमीटर, हजार वर्षांना दोन मीटर. मोजपट्टीने मोजायचं आणि जुन्या साडीची चिंधी बांधायची. माळव्याच्या परमार राजांच्या काळातल्या मूर्ती साधारण दोन मीटरवर येतात, अशोक साडेचार मीटरवर, नर्मदाकाठचं नावडातोली गाव सात मीटरवर, हडप्पा-मोहेंजोदडोची भरभराट नऊ मीटरवर. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहांतल्या सगळ्यात जुन्या चित्रांचं वय साधारण दहा हजार वर्षं मानतात, म्हणजे वीस मीटर. आमची गच्ची तेवढी लांब नाही. सुतळी जिन्यावरून खाली सोडावी लागली आणि भीमबेटकाची चिंधी तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात आली. मुलांना हेच लक्षात राहतं.

डायनासोरचा प्रश्न येणारच. आपल्या धार जिल्ह्यात, बागच्या परिसरात, डायनासोरची अंडी दगड होऊन सापडली आहेत, तेव्हा मुलांना ते शेजारचेच वाटतात. ते गेले सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. आपल्याच मापाने त्यांच्यापर्यंत सुतळी न्यायची तर ती 132 किलोमीटर लागेल, म्हणजे इंदूरहून पार खंडव्यापर्यंत. माणसांची चित्रं तळमजल्यावर आणि डायनासोर खंडव्याला, हे एकदा सांगितल्यावर आमच्याकडे तो घोळ परत झाला नाही.

"इसवी सन पूर्व" हा शब्द या वयात काढू नका. "आजपासून इतकी वर्षं मागे" एवढंच बोला. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की गुढीपाडव्याला पंचांग उघडून बसा. इंदुरात राहणाऱ्या मराठी घराला ही एक सोय आहे: आपला शक वेगळा, भोवतालच्या माळव्याचा विक्रम संवत वेगळा, शाळेच्या वहीवरचं साल तिसरं. पाडव्यानंतर शकात 78 मिळवले किंवा संवतातून 57 वजा केले की इसवी सन येतं. 2025 च्या पाडव्याला शके 1947 आणि संवत 2082 लागलं. साल म्हणजे कुठूनतरी सुरू केलेली मोजणी असते, हे यातून आपोआप समजतं.

मग कचरा

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी पायरी ही, आणि इंदूरच्या मुलांना ती शिकवावी लागत नाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे त्यांना बोलायला लागल्यापासून माहीत असतं. गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन तीच आधी पळतात.

एका दिवशी गाडी यायच्या आधी सुका कचरा वर्तमानपत्रावर पसरा. काचेचे तुकडे आणि पाती आधी काढून ठेवा. मुलाला विचारा: या घरात कोण राहतं हे तुला माहीत नाही असं समज, नुसतं हे बघून सांग. दुधाच्या पिशव्या किती, म्हणजे माणसं किती? औषधाचं रिकामं पाकीट आहे, कुणी आजारी होतं का? पेन्सिलीची टरफलं आहेत, म्हणजे लिहायला शिकणारं कुणीतरी आहे. प्रत्येक उत्तरावर एकच प्रश्न टाकायचा, "कशावरून?"

दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न. यातलं काय तीन हजार वर्षं टिकेल? केळ्याची साल नाही. कागद नाही. फुटलेल्या कपाचा तुकडा मात्र टिकेल. भाजलेली माती जवळजवळ अमर असते, म्हणूनच जुन्या गावांच्या टेकाडांवर खापरं सगळ्यात जास्त मिळतात. पण मग जुन्या लोकांनी खाल्लेलं धान्य कसं मिळालं, ते तर ओल्या कचऱ्यात जायला हवं? हे उत्तर सांगू नका, करून बघा.

गव्हाचे दहा दाणे तव्यावर पार कोळसा होईपर्यंत जाळा. हे काम मोठ्यांनी करायचं, खिडकी उघडी ठेवून. दहा दाणे तसेच ठेवा. एका कुंडीत दोन कोपऱ्यांत खूण करून पुरा आणि रोज थोडं पाणी घाला. महिन्याने उकरा. साधे दाणे उगवलेले असतील किंवा कुजलेले. जळके जसेच्या तसे. कोळशाला बुरशी लागत नाही, किडे खात नाहीत. कधीतरी एखाद्या घराला आग लागली किंवा चुलीत दाणे सांडले, त्या दिवशी त्या घरचं नुकसान झालं असेल, पण म्हणून आज आपल्याला कळतं की ती माणसं काय खात होती.

नावडातोलीत नेमकं हेच झालं. महेश्वरच्या घाटावर उभं राहिलं की नर्मदेच्या समोरच्या काठावर ते गाव दिसतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या झोपड्यांच्या खुणा निघाल्या, काही गोल, काही चौकोनी. गारगोटीसारख्या दगडाची लहान लहान पाती निघाली, लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी निघाली आणि जळकं धान्य निघालं: गहू, मसूर, उडीद, मूग, वाटाणा, लाख (ही एक डाळ), जवस. तांदूळ तिथे जरा नंतर आला.

आता ही यादी घेऊन स्वयंपाकघरात जा. डबे उघडा आणि मुलालाच ठरवू द्या की नावडातोलीच्या मुलाच्या पानात काय पडलं असेल. बटाटा बाद, टोमॅटो बाद, मिरची बाद, शेंगदाणे बाद. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर, गेल्या पाचशे वर्षांत, सुतळीच्या पहिल्या मीटरमध्ये आपल्याकडे पोहोचली. म्हणजे सकाळच्या पोह्यांतून मिरची आणि दाणे उचलावे लागतात. एक दिवस तसा स्वयंपाक करा. आम्ही जाडसर गव्हाची भाकरी आणि मसुराचं वरण केलं, फोडणीत मिरची नाही. लेकीने ते आवडीने खाल्लं असं म्हणणार नाही, पण ताट संपवलं, आणि आजही मसूर दिसला की ती "नावडातोली" म्हणते.

कुंडीतलं उत्खनन

थर समजावून सांगायला एक मोठी कुंडी पुरते. तळाला वाळू, त्यावर आपली माळव्याची काळी माती, त्यावर लाल माती. वाळूत खापराचा तुकडा आणि एक मणी, काळ्या मातीत एक जुनं नाणं, वरच्या थरात बाटलीचं झाकण. मूल नसताना भरा, दाबा, आठवडाभर तशीच ठेवा. उकरायला चमचा आणि रंगाचा जुना ब्रश. नियम दोन: एका वेळी एकच थर, आणि वस्तू उचलायच्या आधी ती कुठे होती याचं चित्र वहीत काढायचं.

मुलांना दुसरा नियम जाचतो. त्यांना वस्तू हातात हवी असते. पण इथे सैल सोडू नका, कारण सगळी विद्या त्या चित्रात आहे. खाली सापडलं ते आधीचं, वर सापडलं ते नंतरचं. उचलून टोपलीत टाकलं की खापर नुसतं खापर उरतं. दुसऱ्यांदा खेळताना मी एक पेन्सिल उभी खुपसून बीळ केलं आणि त्यातून झाकण तळाला ढकललं. "वाळूत झाकण कसं?" यावर तिने दोन दिवस विचार केला. उंदीर आणि घुशी खऱ्या उत्खननातही हा घोळ घालतात.

उन्हाळ्यानंतर घरातला माठ फुटतो, तो टाकू नका. मोठ्या तुकड्यांच्या कडा दगडावर घासून बोथट करा आणि मुलाला त्यावर काळ्या रंगाने त्रिकोण, शिडी, हरिण काढू द्या. यात एक फायदा वरचा होतो. आमच्या मुलांना मटका माहीत असतो, पण खापर, रांजण, उखळ, पाटा, कुडाची भिंत हे शब्द इंदुरात कानावर पडायचे बंद झाले आहेत. या विषयात ते गरज म्हणून येतात, शिकवावे लागत नाहीत.

गेरूचंही तेच. दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला लावायला आणतो तो गेरू पाण्यात घट्ट कालवा, कडुनिंबाची काडी चावून तिचा ब्रश करा आणि खडबडीत फरशीच्या तुकड्यावर प्राणी काढा. भीमबेटकाच्या गुहांत लाल आणि पांढरा हेच रंग जास्त आहेत. चित्र काढून झाल्यावर पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांची गोष्ट सांगा: नीमचला जन्मलेले, उज्जैनला काम केलेले, आपल्याच मुलखातले. 1957 मध्ये रेल्वेतून जाताना खिडकीतून त्यांना टेकडीवरचे ते खडक दिसले आणि पुढे ते तिथे चालत गेले. गुहा खेड्यातल्या लोकांना ठाऊकच होत्या. त्यांचं मोल ओळखणारा माणूस खिडकीशी बसला होता.

हडप्पाबद्दल मी थोडंच सांगते, कारण पुस्तकांत ते भरपूर असतं. विटा नक्की करा: जाडी एक, रुंदी दोन, लांबी चार या मापाच्या, मातीच्या छोट्या विटा. आणि त्यांची लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही, हे आवर्जून सांगा. मोठ्यांनाही न सुटलेलं कोडं म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकतात.

गोष्ट आणि इतिहास

उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे लवकर येतो. सांदीपनींच्या आश्रमात लेकीने विचारलं, "कृष्ण इथे खरंच शिकला? कशावरून?" तिने माझंच शस्त्र माझ्यावर उगारलं होतं आणि शेजारी सासूबाई उभ्या होत्या.

त्यानंतर घरात चार उत्तरं ठरवली. कशावरून, असं कुणीही विचारलं की यांपैकी एक सांगायचं: वस्तू सापडली, लिहिलेलं सापडलं, माणसं सांगत आली, अंदाज आहे. चारही उत्तरं मानाची, पण एकाच्या जागी दुसरं द्यायचं नाही. अशोकाने कलिंगचं युद्ध केलं, लाखभर माणसं मारली गेली आणि त्याला पश्चात्ताप झाला, हे त्याने स्वतः दगडावर कोरून ठेवलं, म्हणून ते दुसरं उत्तर. तरुणपणी तो उज्जैनला कारभारी होता आणि विदिशेच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, हे बौद्ध ग्रंथांनी बऱ्याच शतकांनंतर लिहिलं, म्हणून तिसरं. विक्रम-वेताळ तिसरं. पण गुप्त राजा दुसरा चंद्रगुप्त याच्या नाण्यांवर "विक्रम" हे बिरुद आहे, ते पहिलं आणि दुसरं दोन्ही.

कृष्णाच्या गोष्टीला आम्ही तिसरं उत्तर दिलं. सासूबाई आधी नाराज झाल्या, त्यांना वाटलं मी देवाला खोटं ठरवते आहे. मग लेकीनेच त्यांना विचारलं, "तुला ही गोष्ट कुणी सांगितली?" त्यांच्या आजीने. आणि तिला तिच्या आजीने. सुतळी काढली, आजीपासून पुढे दोन-दोन गाठी मोजल्या. लेकीपासून धरल्या तर सहा गाठींपर्यंत गोष्टीचा माग लागला. सांगत आलेली गोष्टही मोजता येते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. आता त्या खेळात सासूबाई माझ्यापेक्षा पुढे असतात.

युद्धाबद्दल लहान मुलांशी थोडं आणि खरं बोलावं. माणसं मेली, राजाला वाईट वाटलं, त्याने ते लपवलं नाही. रंगवून सांगू नये.

बाहेर पडताना

पहिली भेट इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयाला द्या. तास-दीड तास फिरवू नका. आत जायच्या आधी ठरवा: तीनच वस्तू, प्रत्येकीसमोर बसून चित्र. हिंगलाजगढ किल्ल्यावरून आणलेल्या मूर्ती तिथे आहेत. त्यांतली एक निवडा आणि फक्त दागिने मोजायला सांगा, किंवा फक्त केशरचना बघायला. तुटलेला हात दिसला की मूल आपोआप विचारतं, त्या हातात काय असेल? ते उत्तर "अंदाज" या खात्यात जातं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. दारावरून परत आलेलं मूल पुन्हा सहज तयार होत नाही.

महेश्वरला गेलात तर नावेने पलीकडे जा. आधी सांगून ठेवा की तिथे बघायला गाव, शेतं आणि मातीचं टेकाड एवढंच आहे. खापराचा तुकडा पायाखाली आला तर बघायचा, फोटो काढायचा आणि होता तिथेच ठेवायचा. कुंडीतला नियम इथे खरा होतो.

सांचीच्या बौद्ध स्तूपांचा प्रवास मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर, भोपाळला एक मुक्काम धरून करा, आणि त्याआधी पंधरा दिवस अशोकाच्या काळातली ब्राह्मी लिपी खेळा. अवघड नाही. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे घराचं उतरतं छप्पर. ठ म्हणजे वर्तुळ, आणि त्यात टिंब दिलं की थ. आपला ठ दोन हजार वर्षांनंतरही गोलच आहे, हे मुलांना स्वतः शोधू द्या. फ्रिजवर ब्राह्मीत निरोप लिहा, टिफिनमध्ये चिठ्ठी ठेवा.

सांचीच्या दगडी कठड्यांवर शेकडो छोटे लेख आहेत. एकोणिसाव्या शतकात ही लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं की बरेच लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, शेवटी एक टिंब असतं. देवळाच्या फरशीवर, पायरीवर लोक काय लिहितात? अमक्याने दिलं. त्याने अंदाज केला, हे "दानं" असणार. त्या दोन अक्षरांनी कुलूप उघडलं आणि 1837 मध्ये अशोकाचे लेख वाचता आले. दान देणाऱ्यांत राजे फारसे नाहीत. व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, घर चालवणाऱ्या बायका आहेत, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर आहेत. आणि कितीतरी जण "उजेनी"चे, म्हणजे आपल्या उज्जैनचे आहेत.

जाताना पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर "दानं" ब्राह्मीत लिहून मुलाच्या खिशात द्या. न म्हणजे आडव्या रेघेवर मधोमध उभी रेघ, आणि तिच्या शेजारी टिंब. तोरणांसमोर गर्दी असते, तिकडे नंतर वळा. आधी कठड्याचे खांब धरून सावकाश चाला, सकाळच्या तिरप्या उन्हात, कारण दुपारी अक्षरं दिसत नाहीत. ओळीच्या शेवटाकडे बघायला सांगा. आमच्या लेकीला पहिलं "दानं" अकराव्या मिनिटाला सापडलं, आणि मग तिला जेवायला नेणं कठीण झालं.